नासमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या साठ्याच्या पेटीत) दोन डिस्क असताना निराळा बॅकअप हवा का? हवा तर कमांड लाइनवरून तो कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीतल्या तुमच्या भजनी मंडळाकडे चतुर्थीतल्या घुमट या वाद्यावरच्या आरत्या, भजनं, नाटकांच्या तालमी यांची रेकॉर्डिंग आणि जुन्या हस्तलिखित संहितांचे स्कॅन असा जवळजवळ २ टीबीचा साठा नासवर आहे. आतल्या दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात. मग आणखी बॅकअप कशाला, आणि घ्यायचाच तर कोणत्या साधनाने?

हवाच. साधन आरसिंक, फाइलींच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम. फोंड्याला माझी ध्वनिमुद्रणाची छोटी खोली आहे आणि अशाच साठ्यासाठी मी वर्षानुवर्षं तेच वापरतो.

दोन डिस्कची ती जोडी, म्हणजे रेड १, एक डिस्क बंद पडली तरी काम अडू नये एवढ्यासाठीच असते. फाइल पुसलीत की ती दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. वीज कोसळली तर दोन्ही एकाच पेटीत, एकाच प्लगवर. हे बहुतेकांना पटतं. पटायला वेळ लागतो तो पुढचा मुद्दा, म्हणून तो घडला तसाच सांगतो.

आमच्याकडे एका वयस्क घुमटवादकाचं रेकॉर्डिंग होतं. ते वारल्यावर वर्षभराने एका मुलाने चांगल्या मनाने पंख्याची घरघर काढून टाकली आणि साफ केलेली फाइल मूळ नावानेच सेव्ह केली. त्या सफाईत घुमटाचा खालचा भरीव नादही गेला. आमच्या लक्षात आलं तीन आठवड्यांनी. बॅकअप त्या काळात रोज रात्री बिनचूक चालला होता, आणि म्हणूनच बॅकअपवरही तीच साफ केलेली फाइल होती. मूळ वादन आता कुठेच नाही. मुलाला मी बोल लावला नाही. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख परत मागायची सोय मी ठेवलेली नव्हती.

तेव्हापासून मी नुसती जशीच्या तशी प्रत काढत नाही, तारखेची प्रत काढतो. आरसिंकमध्ये त्यासाठी लिंक-डेस्ट नावाचा पर्याय आहे. रोज रात्री त्या दिवसाच्या तारखेचं नवं फोल्डर करायचं आणि लिंक-डेस्टला कालचं फोल्डर दाखवायचं. जी फाइल कालच्यासारखीच आहे ती पुन्हा लिहिली जात नाही, कालच्याच फाइलला नव्या फोल्डरात आणखी एक नाव मिळतं. याला हार्ड लिंक म्हणतात. प्रत्येक तारखेच्या फोल्डरात सगळा साठा पूर्ण दिसतो, जागा मात्र बदललेल्या फाइलींपुरतीच लागते. जुनी तारीख नको झाली की ते फोल्डर सरळ पुसावं, बाकीच्या तारखांना धक्का लागत नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळा. बॅकअपची डिस्क एक्स्ट४ सारख्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीवर) हवी. दुकानातून आणलेली पोर्टेबल डिस्क बऱ्याचदा एक्सफॅट असते आणि तिला हार्ड लिंक जमतच नाही. दुसरं, लिंक-डेस्टला पूर्ण मार्ग द्या. अर्धा मार्ग दिलात तर आरसिंक तो तुम्ही उभे आहात तिथून मोजत नाही, जिथे प्रत जायची आहे त्या फोल्डरापासून मोजतं. चुकीच्या मार्गावर त्याला कालचं फोल्डर सापडत नाही, मग ते फार तर एक इशारा छापून सगळे २ टीबी पुन्हा लिहायला घेतं आणि चार दिवसांत डिस्क भरते.

कमांडचं बाकीचं रूप साधं आहे. छोटा ए हा पर्याय फोल्डरं, तारखा, परवानग्या सगळं धरतो. हार्ड लिंकसाठी मोठा एच आणि एसीएलसाठी (फाइलवरच्या जादा, बारीक परवानग्यांसाठी) मोठा ए वेगळे लिहावे लागतात, छोट्या ए मध्ये ते येत नाहीत. स्रोताच्या मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरातला माल जातो, नाही दिली तर फोल्डरच आत जाऊन बसतं. पहिल्यांदा एन आणि व्ही हे पर्याय जोडून चालवा. एन काहीही लिहू देत नाही, व्ही काय काय होणार आहे ते दाखवतो.

आता कोण कोणाकडून घेणार? माझं ठाम मत असं की बॅकअपच्या संगणकाने एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकाशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेवरून) नासकडून ओढून घ्यावं. नासने बॅकअपकडे ढकलू नये. नासवर कोणी घुसलं, खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम आला, तर नासपाशी बॅकअपची चावीच नसली पाहिजे. ओढणाऱ्या खात्यालाही नासवर फक्त वाचायची परवानगी द्या. एसएसएचचा आणखी एक फायदा आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आरसिंक आणलं ते फाइलचा बदललेला भागच तारेवरून पाठवता यावा म्हणून. ही करामत दोन्ही टोकांना आरसिंक चालू असेल तरच होते. नासचं फोल्डर संगणकावर माउंट करून, म्हणजे त्याच्याच फोल्डरासारखं जोडून, प्रत काढलीत तर दोन्ही मार्ग त्याला स्थानिक वाटतात आणि बदललेली फाइल ते अख्खी वाहतं. बहुतेक नास पेट्यांत आरसिंक आधीपासून असतं, सेटिंगमध्ये सेवा चालू करावी लागते एवढंच.

माउंटच्या बाबतीत मला याहून मोठी भीती आहे. एका जूनमध्ये पहिल्याच पावसात रात्री वीज गेली आणि आली. संगणक लगेच उठला. नास मात्र स्वतःच्या डिस्क तपासत बसला होता. अडीच वाजता माझी जुनी स्क्रिप्ट, म्हणजे बॅकअपच्या कमांड लिहिलेली फाइल, सुरू झाली, तिला माउंटचं फोल्डर रिकामं दिसलं. तिच्यात डिलीट हा पर्याय होता, म्हणजे स्रोतात नाही ते बॅकअपवरूनही काढा. वाचताना चूक झाली तर आरसिंक पुसणं थांबवतं, पण रिकामं फोल्डर ही त्याच्या लेखी चूक नाही. सकाळी बॅकअपची डिस्क कोरी होती. नास शाबूत होता, म्हणून पुन्हा प्रत काढता आली. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, २ टीबीला पाच तास लागतात. ते पाच तास बाहेर विजा चमकत होत्या आणि सगळ्या साठ्याची एकच प्रत जगात होती.

तारखेच्या पद्धतीत रोज नवं फोल्डर असल्यामुळे डिलीट लागतच नाही. तरीही नासवर एक खुणेची छोटी फाइल ठेवा आणि ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाऊ द्या. नवी प्रत आधी ‘अपूर्ण’ नावाच्या फोल्डरात जाऊ द्या, आरसिंकने शून्य हा कोड दिला तरच त्याला तारखेचं नाव मिळावं. २४ आला तरी चालतो, मध्येच एखादी फाइल नाहीशी झाली एवढाच त्याचा अर्थ. २३ आला तर काहीतरी सुटलंय, लॉग, म्हणजे त्या फेरीची नोंद, वाचा.

लॉग वाचायला गेलात की मराठी नावांची गंमत नाही, अडचण कळेल. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, चालवलं की भाषेची सेटिंग नसते आणि तुमच्या आरत्यांची नावं ३४०, २४४ अशा आकड्यांच्या माळा होऊन छापली जातात. फाइली बिघडलेल्या नसतात. कमांडला ८ हा पर्याय जोडा, नावं देवनागरीत दिसतील. नावं लांबलचक ठेवू नका. एक्स्ट४ वर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना, मात्रा, अनुस्वार धरून. म्हणजे ८५ चिन्हं. काही नास पेट्यांच्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरात मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७. ‘आरती, वाडा, साल, गाणारे, वाजवणारे’ असं सगळं नावातच लिहायची सवय आपल्याला असते, ते वेगळ्या मजकूर फाइलीत लिहा.

जुन्या मॅकवरून फाइली आलेल्या असतील तर ‘ऱ’ कडे लक्ष द्या. जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम ‘दुसऱ्या’ मधला ऱ फोडून र आणि खालचा नुक्ता असा ठेवते, विंडोज तो एकच चिन्ह म्हणून ठेवतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आरसिंकला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत आणि एकाच नाटकाच्या ‘दुसऱ्या अंकाच्या’ दोन फाइली होऊन बसतात. नावं एका रूपातून दुसऱ्यात बदलणारा आयकॉन्व्ह हा आरसिंकचा पर्याय यावर उपाय आहे, पण मॅकबरोबर वर्षानुवर्षं आलेलं आरसिंक २.६.९ फार जुनं आहे, त्यात तो नाही. आधी नवं घाला.

वेळापत्रक क्रॉनने लावता येतं, पण वीज नसताना चुकलेली फेरी क्रॉन नंतर भरून काढत नाही. आपल्याकडचा पावसाळा पाहता सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर लावा आणि त्यात पर्सिस्टंट चालू करा, संगणक उठल्यावर राहिलेली फेरी होते. नासला यूपीएस द्या आणि त्याची यूएसबी वायर जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नास स्वतः नीट बंद होतो.

एक उणीव मात्र या पद्धतीला आहे. न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते, ती जागा खराब झाली तर सगळ्या तारखांची ती फाइल गेली. म्हणून दुसरी डिस्क हवी, आणि ती डिचोलीबाहेर, कोणाच्या तरी घरी, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दमट हवेत उघडी ठेवू नका. महिन्यातून एकदा अदलाबदल करा. आरसिंक एरवी फक्त आकार आणि तारीख बघतं, त्यामुळे आतून सडलेली फाइल त्याला कळत नाही. अदलाबदलीच्या दिवशी सी, एन आणि आय हे पर्याय एकत्र देऊन चालवा. सी दोन्हीकडच्या फाइली पूर्ण वाचून ताडतो, आय काय बदललं ते छापतो. तारीख न बदलता मजकूर बदललेला दिसला तर थांबा आणि कुठली बाजू खरी आहे ते कानाने ऐकून ठरवा. त्याच दिवशी एखादी आरती जुन्या तारखेतून परत काढून शेवटपर्यंत वाजवून बघा.

घराबाहेर इंटरनेटवर ठेवायचं असेल तर रेस्टिक हे बॅकअपचं साधन चांगलं, ते सगळं एन्क्रिप्ट करून पाठवतं. पण पासवर्ड हरवला तर कोणीही तो साठा उघडू शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून दोघांकडे ठेवा.

सुरुवात आजच करायची तर संहितांचे स्कॅन मागे राहू द्या, त्यांचे मूळ कागद अजून तुमच्याकडे आहेत. आधी रेकॉर्डिंग घ्या, आणि त्यातही जे वाजवणारे, गाणारे आज हयात नाहीत त्यांचं फोल्डर सर्वांत आधी.