विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: लांब ट्रेकबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: एक-दोन दिवसांचे ट्रेक बरेच केलेत, आता पहिल्यांदाच तीन आठवडे सलग चालणार आहे. रोज किती किलोमीटर धरू? लोक नेटवर चाळीस चाळीसचे आकडे टाकतात, बघून टेन्शन आलंय.

उत्तर: आधी ते आकडे बघणं बंद करा. रोज चाळीस मारणारे बहुतेक जण तोवर महिना-दोन महिने चाललेले असतात. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल साधारण 3,500 किमी आहे, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल 4,200 च्या वर, तिथे लोक पाच-पाच महिने चालतात, त्यांचे पाय आणि आपले पाय यांची तुलनाच नको. पहिल्या आठवड्यात दम लवकर सुधारतो, स्नायूही जमवून घेतात, पण गुडघा-घोट्याचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मागे राहतात, म्हणजे तुम्हाला वाटतं आपण एकदम फिट झालो आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते.

हिशोबाला एक जुना नियम अजून चालतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला: दर 5 किमीला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 18 किमी आणि 900 मीटर चढ असेल तर पाच तासांच्या थोडं वर. आता हा वेळ न थांबता चालणाऱ्याचा आहे, पाठीवर वजन, फोटो, पाणी भरणं, वाट चुकून परत येणं हे धरलं की सात-आठ तास सहज होतात. शिवाय सकाळी तंबू आवरून सॅक भरायला तासभर, संध्याकाळी परत तंबू, पाणी, स्वयंपाक, भांडी, त्यात दोन तास गेले. चालणं सोडून उरलेली ही कामंच दिवस खातात, प्लॅन करताना ती कोणी धरत नाही. तेव्हा सुरुवातीला 12 ते 15 किमी धरा, अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचायचं ठरवा आणि पाच-सहा दिवसांनी एक दिवस अजिबात चालायचं नाही. त्याला ट्रेकर लोक झिरो डे म्हणतात आणि त्याची वाट कशी बघतात ते तुम्हाला कळेलच.

प्रश्न: पाण्याचा फिल्टर घेतलाय, मग पाणी शुद्ध करायच्या गोळ्या पण न्यायच्या का? उगाच वजन वाटतंय.

उत्तर: न्या हो, गोळ्यांना वजन असतं का! बारीक नळ्यांचे जे फिल्टर मिळतात ते बॅक्टेरिया आणि जिआर्डियासारखे जुलाब करणारे सूक्ष्म जीव अडवतात पण व्हायरस त्यातून जातात. वरच्या अंगाला वस्ती किंवा गुरं असतील तर पाणी गाळा आणि वर गोळी टाका. आणि थंडीत एक गोष्ट लक्षात ठेवा, ओला फिल्टर गोठला की आतल्या नळ्या फुटू शकतात, बाहेरून काही कळत नाही, तुम्ही आपले विश्वासाने पाणी पीत राहता. म्हणून रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. उकळणार असाल तर खळखळ उकळी एक मिनिट, 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं. पाणी किती न्यायचं ते पुढचा झरा कुठे आहे त्यावर ठरतं, लिटरला एक किलो वजन होतं, त्यामुळे झऱ्यावरच पोटभर पिऊन निघालेलं बरं.

प्रश्न: मला दर ट्रेकला फोड येतात. बूट बदलू का?

उत्तर: बूट किती मापाचे घेतलेत ते बघा आधी. बरेच दिवस चाललं की पाय सुजतात, म्हणून अर्धा-एक नंबर मोठा लागतो. पण खरी गोष्ट सांगू का, फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, चुरचुरते, आणि आपण म्हणतो पुढच्या खिंडीत थांबू. तिथेच थांबायचं! बूट काढा, पाय कोरडा करा, टेप लावा, पाच मिनिटांचं काम आहे. ग्रुपला थांबवायला लाज वाटते हे फोड येण्याचं माझ्या मते बुटाइतकंच मोठं कारण आहे. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नाही, आणि एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी, त्याला दिवसा हातही लावायचा नाही.

प्रश्न: विचारायला संकोच वाटतोय, पण संडासचं आणि पाळीचं काय करायचं?

उत्तर: संकोच कसला, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो. पाणी, वाट आणि मुक्काम या तिन्हींपासून साधारण 60 मीटर लांब जायचं, म्हणजे मोठी सत्तर पावलं, आणि 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डा करून नंतर मातीने बुजवायचा. टिश्यू पुरू नका, जनावरं उकरून काढतात, झिप पिशवीत घालून परत आणा. पॅडचंही तसंच, बाहेरून अपारदर्शक पिशवी असली की झालं. पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरायचा असेल तर घरी दोन-तीन महिने सवय करा, तंबूत पहिला प्रयोग नको. हात साबणानेच धुवा, तेही झऱ्यात नाही, पाणी लांब नेऊन. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही आणि ग्रुपमध्ये एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले की बघता बघता सगळे आडवे होतात.

प्रश्न: नवऱ्याबरोबर जातेय, तो भराभर पुढे निघून जातो. भांडण होणार हे नक्की.

उत्तर: भांडण होईलच, फक्त कशावरून ते आधी ठरवून टाका! पुढे असणाऱ्याने प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक ओढ्यापाशी थांबायचं, याला अपवाद नाही. आणि मागचा माणूस पोचला की लगेच चालू लागायचं नाही, नाहीतर पुढच्याला दहा मिनिटं आराम आणि मागच्याला शून्य, असं दिवसभर होतं. तंबू एकाकडे आणि स्टोव्ह दुसऱ्याकडे अशी वाटणी बरेच जण करतात पण चुकामूक झाली तर एकाला रात्र उघड्यावर काढावी लागते, म्हणून थोडं खाणं, पाणी, गरम कपडा, टॉर्च आणि नकाशा दोघांकडेही स्वतंत्र हवा. तरी तो ऐकत नसेल तर तंबू आणि पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या त्याच्या सॅकमध्ये टाका, वेग आपोआप कमी होईल.