गणपती अंड्यात बसला

प्रश्न : नंदगडात माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. मराठी-कन्नड दोन्ही पत्रिका करतो. जुना चौकोनी मॉनिटर गेला, म्हणून बेळगावहून साडेअठरा इंची सेकंडहँड आणला. कॉम्प्युटरला विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, त्यात १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या वरचा आकडाच येत नाही, सगळं आडवं फुगलेलं दिसतं. पोरानं गणपतीभोवतीचं वर्तुळ पडद्यावर गोल दिसेपर्यंत चेपलं आणि २०० पत्रिका छापून मोकळा झाला. आता गणपती उभ्या अंड्यात बसलाय. काय करू?
– एक वाचक, नंदगड

उत्तर : भाऊ, पोराला बोलू नका, त्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवला एवढंच. या मापाचे मॉनिटर बहुतेक १३६६ बाय ७६८ चे असतात. उंची जुळली, पण १०२४ ठिपके १३६६ वर ताणले गेले. तीन इंची वर्तुळ चार इंच रुंद दिसणारच.

मॉनिटर आपलं माप केबलमधूनच कॉम्प्युटरला कळवतो. १२८ बाइटची माहिती असते ती, ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए (मॉनिटरच्या पंधरा पिनांच्या) केबलीत ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. ती पोचली नाही की लिनक्स १०२४ वर थांबतं. म्हणून आधी केबल काढून टॉर्चच्या उजेडात बघा. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, तिला तुटली समजू नका. शेवटची ओळ तपासा. मी एकदा शहापुरात एका गिऱ्हाइकाकडे अख्खी दुपार कमांडा मारत बसलो, आणि निघाली काय, तर वाकलेली पिन! शेजाऱ्याची केबल लावून बघितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

केबल बदलूनही तेच, तर टर्मिनल (कमांडा लिहायची खिडकी) उघडा. ‘एक्सरँडआर’ लिहून एंटर मारा (अक्षरं इंग्रजीच). ‘कनेक्टेड’च्या आधीचं नाव, बहुधा ‘व्हीजीए-१’, कागदावर उतरवून घ्या. तिथे ‘डिफॉल्ट’ आलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच चढलेला नाही, मग पुढची खटपट फुकट. नाव नीट आलं तर ‘सीव्हीटी १३६६ ७६८ ६०’ द्या. उत्तरात १३६८ येईल. घाबरू नका, ते आठच्या पटीत मोजतं. ‘मोडलाइन’ शब्दापुढचं सगळं ‘एक्सरँडआर’च्या ‘न्यूमोड’ला द्या, मग ‘ॲडमोड’नं ते व्हीजीएला जोडा आणि शेवटी ‘आउटपुट’-‘मोड’नं लावा. या चारही शब्दांआधी, म्हणजे ‘आउटपुट’ आणि ‘मोड’ दोन्हींआधीही, दोन डॅश हवेत. बंद करून चालू केलं की हे पुसलं जातं, म्हणून याच ओळी होम फोल्डरमधल्या ‘.एक्सप्रोफाइल’ फाइलीत ठेवा.

आणि चेपलेली ती पत्रिकेची फाइल पुढच्या लग्नाला वापरू नका. वर्तुळावर क्लिक करून रुंदी आणि उंचीचे आकडे आधी सारखे करा.