जिन्यावरच्या आजी आणि माझी घाई

प्रश्न : नमस्कार ताई. मी बदलापूरला राहते, वय ३८, नोकरी लोअर परळला. म्हणजे रोज सेंट्रलने दादर आणि तिथून ब्रिज ओलांडून वेस्टर्न. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात म्हणून सकाळी मी धावतच असते. मागच्या महिन्यात दादरच्या ब्रिजच्या जिन्यावर एक आजी मधल्याच पायरीवर बसल्या होत्या, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताने रेलिंग घट्ट धरलेलं, तोंड पांढरं पडलेलं. गर्दी त्यांना वळसा घालून जात होती आणि ताई मीसुद्धा गेले. संध्याकाळी परतताना त्या जिन्यावर जाऊन बघितलं, कोणी नव्हतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. घरी सासूबाई तीच गोष्ट चार वेळा विचारतात आणि मी खेकसते. तसं पाहिलं तर सगळं आहे, घर आहे, सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत, पण समाधान म्हणून नाही. मैत्रीण म्हणते विपश्यनेला जा, पण दहा दिवस सुट्टी कोण देणार? मी दगड होत चाललेय का?

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. दगड वगैरे काही नाही झालीस, आधी हे ऐक. अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, १९७३ साली तो छापून आला. धर्मगुरू व्हायला शिकणारी ४० मुलं घेतली, त्यांना म्हणाले पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्या, आणि वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत बसवून ठेवला. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, आणि ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हणून पाठवलं त्यांच्यातले फक्त १० टक्के. आणि त्यातल्या काहींना तर वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवरच बोलायचं होतं, त्यानेही काही फार फरक पडला नाही. म्हणजे ती मुलं वाईट नव्हती गं, त्यांना घाई होती. म्हणून मी तुला मन मोठं कर वगैरे सांगणार नाही, मन तुझं आहे तेवढं पुरेसं आहे, तुला सकाळची पंधरा मिनिटं कमी पडतायत.

ती कुठून आणायची? आधीची लोकल पकड म्हणणं सोपं आहे, पण बदलापूरहून आधीची म्हणजे अजून लवकर उठणं, ते मला माहितीये, मी स्वतः २७ वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलंय. म्हणून झोपेतून काढू नकोस, कामातून काढ. डब्यात रोज दोन भाज्या लागत नाहीत. कणीक रात्री नवऱ्याने मळून ठेवावी, मुलांनी आपापल्या बाटल्या भराव्यात. हे बोलून दाखवावं लागतं, आपल्याला वाटतं कळेल त्यांना, तर नाही कळत.

समाधानाचं म्हणशील तर आमच्या ग्रुपमधली एक बाई आठवते. लेडीज डब्यात रोज संध्याकाळी मांडीवर पेपर पसरून भाजी निवडायची. आमच्यात अलिखित नियम होता की बसलेलीने ठाण्याला उठून उभी असलेलीला जागा द्यायची, तो ही बाई कधीही न चुकता पाळायची, पाय सुजलेले असले तरी. एकदा ऑफिसात सगळ्यांसमोर मला खूप बोलणी बसली होती, खिडकीकडे तोंड करून रडत होते. तिने काय झालं विचारलं नाही, समजूत घातली नाही, मेथीची अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, घे, पानं या पिशवीत, देठ त्या. मुंब्र्यापर्यंत हुंदके थांबले होते. बोटांना मेथीचा वास आणि शेजारी ती, त्या वीस मिनिटांत मला खरंच काही कमी नव्हतं. तू म्हणतेस सगळं असून समाधान नाही, तर एक विचारू का, शेवटचं कधी कोणाच्या शेजारी बसून मोबाइल पर्समध्ये ठेवून काही केलंस?

सासूबाईंपासून सुरुवात कर. आल्या आल्या कुकर लावू नकोस, भात पाऊण तास उशिरा झाला तरी चालतो. चहा घेऊन दहा मिनिटं त्यांच्याजवळ बस. माझ्या सासूबाईही गोळी घेतली का, गोळी घेतली का करायच्या, मला फार उशिरा लक्षात आलं की दिवसभरात त्यांच्याशी बोललेलं माणूस मी पहिलीच असायचे. (विसरणं मात्र खरोखरच वाढत असेल तर डॉक्टरांना दाखव, ते स्वभावावर ढकलू नकोस.)

परत कोणी असं जिन्यावर दिसलं तर एकटीने उचलायला जाऊ नकोस. शेजारी उभी राहा, म्हणजे गर्दी फुटते आणि धक्का लागत नाही. अजून एकीला हाक मार, एक कोणीतरी थांबलं की दुसरं थांबतंच, हा माझा अनुभव आहे. १३९ ला फोन कर, रेल्वेचीच हेल्पलाइन आहे, किंवा एकीला स्टेशन मास्तरकडे पाठव. लेट मार्क लागला तर लागू दे.

विपश्यना चांगलीच आहे. तुझ्याच सेंट्रल लाइनवर कसारा घाट चढलं की इगतपुरी, तिथे १९७६ पासून शिबिरं चालतात, फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहिले नऊ दिवस मौन, स्वतःचा श्वास आणि स्वतःचं शरीर, आणि दहाव्या दिवशी मैत्री भावना शिकवतात, सगळ्यांचं भलं होवो म्हणायची. जमेल तेव्हा जा, पण सुट्टी मिळेपर्यंत सगळं अडवून ठेवू नकोस.

आणि त्या आजींचं. ऑफिस सुटल्यावर, घरी पोचायची ओढ असताना, तू मुद्दाम त्या जिन्यावर परत गेलीस. पत्रात ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तीच ओळ तीनदा वाचली.