वाचकांचे प्रश्न : एआय एजंटला दिलेल्या टूलचे वर्णन

प्रश्न : आमच्या कंपनीत कामकाजाचा बहुतेक संवाद स्लॅक या संदेश-ॲपवर चालतो. तिथले संदेश वाचून गोषवारा देणारा आणि सांगितल्यास उत्तर पाठवणारा एआय एजंट आम्ही तयार केला आहे. मात्र थ्रेडमधली, म्हणजे एखाद्या संदेशाखाली जोडलेल्या चर्चेतली, उत्तरे न वाचताच तो गोषवारा देतो, आणि थ्रेडमध्ये द्यायचे उत्तर कधी कधी मुख्य चॅनेलवर टाकतो. एजंटमागचे भाषा-मॉडेल बदलूनही फरक पडला नाही. एजंट ज्यांच्याद्वारे ही कामे करतो त्या टूलची वर्णने आम्ही ‘चॅनेलमधील संदेश आणते’, ‘संदेश पाठवते’ अशी एकेका ओळीत लिहिली आहेत. दोष त्यांत असू शकेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होय, आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही लक्षणांवरून तो तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त वाटते. मॉडेल तुमचा कोड वाचत नाही. टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची हे सांगणारी पॅरामीटरची यादी, एवढ्यावरूनच कोणते टूल केव्हा वापरायचे हे त्याला ठरवावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याच्या प्रमाणपद्धतीतही, टूलची ओळख मुख्यतः याच गोष्टींनी करून दिली जाते. त्यामुळे तुमच्या संघातील प्रत्येकाला ठाऊक असलेली, पण कुठेच लिहून न ठेवलेली बाब मॉडेलपुरती अस्तित्वातच नसते.

पहिली तक्रार घेऊ. स्लॅकच्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामना स्लॅक वापरू देणाऱ्या व्यवस्थेत, ‘कॉन्व्हर्सेशन्स हिस्टरी’ ही पद्धत चॅनेलवरचे मुख्य संदेश देते. थ्रेडमधली उत्तरे, जी मुद्दाम चॅनेलवरही पाठवलेली असतात ती सोडल्यास, तिच्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘कॉन्व्हर्सेशन्स रिप्लाइज’ ही वेगळी पद्धत आहे. आता ‘चॅनेलमधील संदेश आणते’ हे वाक्य वाचणाऱ्या मॉडेलने सगळे संदेश हाती आले असे समजावे, यात त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘दिलेल्या चॅनेलमधील मुख्य संदेश आणते. थ्रेडमधली उत्तरे यात नसतात. ज्या संदेशाचा रिप्लाय काउंट (उत्तरांची संख्या) शून्याहून अधिक आहे, त्याची उत्तरे हवी असल्यास थ्रेड वाचण्याचे टूल वापरावे. पुढचे पान शिल्लक असल्यास कर्सर (पुढच्या पानाची खूण) मिळतो; तो देऊन पुन्हा मागणी करावी.’ टूल काय करत नाही, हे सांगणारे वाक्य माझ्या मते वर्णनातले सर्वांत मोलाचे वाक्य असते, आणि नेमके तेच बहुतेक वर्णनांत नसते.

दुसऱ्या तक्रारीचे मूळ ‘थ्रेड टीएस’ या, संदेश कोणत्या थ्रेडमध्ये जायचा ते सांगणाऱ्या, पॅरामीटरमध्ये आहे. तो ऐच्छिक आहे आणि न दिल्यास संदेश सरळ चॅनेलवर जातो. यादीत केवळ ‘ऐच्छिक’ असे लिहिले, तर मॉडेल तो गाळणारच. तेव्हा थ्रेडमध्ये उत्तर द्यायचे असल्यास तो आवश्यक आहे, त्यात थ्रेड ज्या संदेशापासून सुरू झाला त्या मूळ संदेशाचा टीएस (संदेश ओळखण्याची वेळदर्शक खूण) द्यावा, मधल्या एखाद्या उत्तराचा देऊ नये, हे स्पष्ट लिहा. हा टीएस ‘१७१२३४५६७८.१२३४००’ अशा रूपाचा असतो आणि तो जसाच्या तसा, मजकूर म्हणून द्यायचा असतो; संख्या म्हणून हाताळल्यास शेवटची शून्ये गळतात आणि संदेश सापडत नाही. वर्णनात असे एक उदाहरण दिले, तर लांबलचक स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

ओळखक्रमांकांचेही तसेच आहे. सहकाऱ्याला उल्लेखून लिहायचे असेल, तर संदेशात त्याचे नुसते नाव लिहून त्याला सूचना जात नाही, त्याचा वापरकर्ता क्रमांक ठरावीक चिन्हांत द्यावा लागतो. म्हणून पॅरामीटरचे नाव ‘युजर’ न ठेवता ‘युजर आयडी’ ठेवा आणि तो कोणत्या टूलने शोधायचा हेही तिथेच सांगा. त्रुटींचे संदेशही या लेखनाचाच भाग समजावेत. ‘नॉट इन चॅनेल’ एवढाच कोड परत आला, तर एजंट तीच मागणी पुनःपुन्हा करत राहण्याचा धोका असतो. ‘बॉट (एजंटचे स्लॅकवरील खाते) या चॅनेलचा सदस्य नाही, वापरकर्त्याला बॉटला आमंत्रण देण्यास सांगावे’ असे परत आले, तर पुढचे पाऊल त्याला कळते.

मात्र एका बाबतीत वर्णनावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘विचारल्याशिवाय संदेश पाठवू नये’ हे वर्णनात अवश्य लिहा, पण ते पाळले जाईलच याची हमी नसते. शिवाय एजंट जे संदेश वाचतो त्यांतच कोणी त्याला भलते काही करण्यास सांगणारा मजकूर लिहिलेला असू शकतो. ज्या एजंटला फक्त वाचायचे आहे, त्याच्या टोकनला, म्हणजे स्लॅकमध्ये प्रवेश देणाऱ्या किल्लीला, लिहिण्याची परवानगीच देऊ नये, आणि पाठवण्यापूर्वीची माणसाची संमती कोडमध्येच सक्तीची करावी.

वर्णने सुधारल्यावर तुमच्या सहकाऱ्यांनी खरोखर विचारलेले प्रश्न एजंटला द्या आणि त्याने कोणते टूल निवडले, त्यात काय भरले, हे नोंदींतून वाचा. दोन टूलांमध्ये तो सतत गोंधळत असेल, तर वर्णन वाढवत नेण्यापेक्षा ती टूल एकत्र करता येतील का, हे आधी पाहावे.

प्रश्न : ही वर्णने मराठीत लिहिली तर चालतील का?
— त्याच पत्रातून

उत्तर : चालतील, मात्र पॅरामीटरची नावे आणि मूल्ये मूळ रूपातच ठेवावीत. देवनागरी मजकुराला सहसा इंग्रजीपेक्षा अधिक टोकन (इथे मॉडेल मजकूर ज्यांत मोडून वाचते ते तुकडे) लागतात आणि सर्व वर्णने बहुधा प्रत्येक वेळी मॉडेलकडे जातात, हेही लक्षात घ्यावे. याहून महत्त्वाची बाब शोधाच्या टूलची आहे. तुमच्याकडे मराठी संदेश काही जण देवनागरीत आणि काही जण रोमन लिपीत लिहीत असतील, तर शब्द जुळवून शोधणाऱ्या टूलला एका लिपीतल्या ‘सुट्टी’वरून दुसऱ्या लिपीतली ‘सुट्टी’ सापडणार नाही. म्हणून दोन्ही लिप्यांत आणि इंग्रजी प्रतिशब्दानेही शोध घ्यावा, अशी सूचना त्या टूलच्या वर्णनातच लिहा.