तिकिटांच्या चांदीच्या प्रतिकृती: मोडीचा भाव आणि त्यापलीकडचे

आपला प्रश्न मी असा समजतो. काकांच्या मागे त्यांच्या कपाटात एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात टपाल तिकिटांची नक्षी असलेल्या, सोनेरी रंगाच्या 22 छोट्या लगडी आहेत, 3 खण रिकामे आहेत आणि सोबतच्या पुस्तिकेवर ब्रिटन व 1977 असा उल्लेख आहे. सराफाने मोडीचा भाव सांगितला, तिकिटे जमवणाऱ्या परिचिताने 'ही तिकिटे नव्हेत' म्हणून विषय संपवला, आणि आता ठेवावे, विकावे की राहिलेल्या 3 शोधून संच पुरा करावा, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी कोरीव छपाईची जुनी तिकिटे तीसेक वर्षे जमवतो आहे आणि गेली काही वर्षे त्यांच्या जोडीला अशा प्रतिकृतीही ठेवतो. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सराफ आणि आपले परिचित दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. या वस्तूंनी पत्र जात नाही, त्यामुळे त्या तिकिटे नव्हेत, आणि बाजारात त्यांना मुख्यतः सोनेरी मुलाम्याखालच्या चांदीचीच किंमत मिळते. मात्र त्या पाहण्याजोग्या का आहेत, हे दोघांच्याही उत्तरात आलेले नाही. पहिले टपाल तिकीट मुळात धातूवरूनच जन्मले. 1840 च्या 'पेनी ब्लॅक'वरील राणी व्हिक्टोरियाचा चेहरा कोणी राणीसमोर बसून काढलेला नाही. राणीने 1837 मध्ये लंडन शहराला भेट दिली, तिच्या स्मरणार्थ विल्यम वायन यांनी एक पदक घडवले. त्या पदकावरून हेन्री कॉर्बोल्ड यांनी रेखाचित्र केले आणि त्यावरून चार्ल्स व फ्रेडरिक हीथ या पितापुत्रांनी पोलादी ठसा कोरला. पदकावरचा उठाव असा कागदावर रेषांत उतरला. चांदीवरच्या प्रतिकृतीत तोच चेहरा पुन्हा धातूच्या उठावात येतो. म्हणून मी प्रत्येक प्रतिकृतीला एकच प्रश्न विचारतो: कोरणाऱ्याने तिकिटावरच्या रेषा वाचून त्यांमागचा आकार पुन्हा घडवला आहे, की रेषांची नुसती सपाट नक्कल केली आहे?

हे तपासणे सोपे आहे. खोलीतला मोठा दिवा बंद करावा, टेबलावरचा दिवा बाजूने, अगदी तिरपा लावावा आणि दहापट भिंगातून पाहत लगड सावकाश फिरवावी. गालाची, हनुवटीची, केसांच्या बटांची सावली लगडीबरोबर सरकत असेल, तर तिथे खरा उठाव आहे आणि ठसा करणाऱ्याने मूर्तिकाराचे काम केले आहे. सावली न सरकता सगळ्या रेषा एकाच उंचीवर एकदम चमकत आणि एकदम विझत असतील, तर छायाचित्रावरून रासायनिक पद्धतीने केलेले काम समोर आहे. दोन्ही प्रकार विकले जातात आणि जाहिरातीत दोघांचे वर्णन अगदी सारखे असते. माझ्या लेखी पहिला प्रकार संग्रहाचा आहे, दुसऱ्यासाठी मी मोडीच्या भावापेक्षा एक रुपयाही अधिक मोजत नाही. लगड या शब्दामुळे ही वस्तू ओतीव असेल असे वाटते, पण चांगल्या संचांतील प्रतिकृती नाण्यांप्रमाणे दोन ठशांमध्ये दाबून काढलेल्या असतात. आरशासारखी पार्श्वभूमी आणि त्यावर दुधाळ, दाणेदार उठाव ही त्याची खूण.

सगळीच तिकिटे धातूला सारखी मानवत नाहीत. आपण पाठवलेल्या नगांच्या यादीतील 'सिंद डाक' पाहा. 1852 मध्ये सिंध प्रांताचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, ही तिकिटे काढली. त्यांवर ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारचिन्ह दाबून उठवलेले होते, पांढऱ्या कागदावरच्या तिकिटात तर शाईच नव्हती, नुसता उठाव होता. अशा तिकिटाची चांदीतील प्रतिकृती मूळच्या फार जवळ जाते. किंबहुना मूळ तिकिटाचा कागद दबून गेल्याने जे अंधुक झाले आहे, ते इथे स्पष्ट वाचता येते. दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होपचे 1853 चे त्रिकोणी तिकीटही कोरीव ठशाचे, त्यामुळे त्यातली बसलेली स्त्रीमूर्ती धातूत छान बसते. 1967 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली, राणी एलिझाबेथच्या चेहऱ्याची मॅचिन मालिका तर आर्नल्ड मॅचिन यांनी घडवलेल्या प्लास्टरच्या उठावचित्राच्या छायाचित्रावरूनच केलेली आहे, म्हणून तिची प्रतिकृती पाहताना काही हरवल्यासारखे वाटत नाही.

उलट 1854 च्या भारतीय चार आणे तिकिटाचे सारे वैभव दोन रंगांत आहे. लाल चौकट आणि निळा चेहरा वेगवेगळे छापले जात, म्हणूनच काही तिकिटांत चेहरा उलटा पडला आणि ती दुर्मीळ ठरली. एकरंगी सोनेरी लगडीवर उलटा चेहरा दिसतो खरा, पण तो उलटा का पडला हे कळत नाही. गांधीजींच्या 1948 च्या तिकिटांची अडचण निराळी आहे. ती स्वित्झर्लंडमधील कूर्वाझिए या मुद्रणालयाने फोटोग्राव्हर पद्धतीने छापली, त्यांत रेषा नाहीतच, गडद-फिक्या छटा आहेत. छटांचा उठाव करायचा म्हणजे कलाकाराला स्वतःच्या कल्पनेने नवा चेहरा घडवावा लागतो. मी पाहिलेल्या अशा प्रतिकृतींपैकी फार थोड्यांत गांधीजींची ती शांत, आत वळलेली नजर सापडली.

तपशिलाच्या चुका शोधणे हा या संग्रहातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे आणि आपल्या पेटीतही त्या सापडतील. पेनी ब्लॅकला दंतुर कडा नव्हत्या, तिकिटे कात्रीने कापून घ्यावी लागत. भारताच्या 1854 च्या तिकिटांचेही तेच. तरीही संचातील सर्व नग एकसारखे दिसावेत म्हणून अनेकदा प्रत्येकाला दात्यांची कड दिलेली असते. पेनी ब्लॅकच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरे असतात. 240 तिकिटांच्या तावात 20 ओळी आणि 12 स्तंभ, त्यामुळे डावीकडचे अक्षर ए ते टी आणि उजवीकडचे ए ते एल यांपैकीच असणार. वरच्या कोपऱ्यांत अक्षरे नसून ताऱ्यासारखी नक्षी असते. प्रतिकृतीत हे सर्व जुळत असेल, तर कोणीतरी खरे तिकीट समोर ठेवून काम केले आहे असे मानायला हरकत नाही.

आता धातूविषयी. लगडीच्या मागील बाजूस किंवा कडेला ठसे आहेत का, ते पाहा. ब्रिटनमध्ये 1977 मध्ये तपासलेल्या 92.5 टक्के शुद्ध चांदीवर चालता सिंह, तपासणी कार्यालयाचे चिन्ह (लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर), उत्पादकाची आद्याक्षरे आणि वर्षाचे अक्षर असे चार ठसे हवेत. 1975 पासून सर्व कार्यालयांचे वर्षाक्षर एक झाले आणि ते ए पासून सुरू झाले, म्हणून 1977 साठी सी. राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचे ते रौप्यमहोत्सवी वर्ष असल्याने काही वस्तूंवर राणीच्या मुखाचा पाचवा ठसाही आढळतो. मात्र 7.78 ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीच्या वस्तूंना तिथे ठशांची सक्ती नाही. त्यामुळे लहान नगावर ठसा नसला तरी तो लगेच खोटा ठरवू नये.

ठसा नसलेल्या नगाची परीक्षा घरच्या घरी, ओरखडा न काढता करता येते. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. नग आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने बांधलेला नग पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, असा धरा. आता दिसणारा आकडा म्हणजे नगाने बाजूला सारलेले पाणी. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. 925 (म्हणजे 92.5 टक्के शुद्ध) चांदीची घनता साधारण 10.3 ते 10.4 येते. 12 ग्रॅमचा चांदीचा नग सुमारे 1.16 ग्रॅम दाखवेल, तर तेवढ्याच वजनाचा पितळी नग 1.4 च्या आसपास. चुंबकाच्या परीक्षेवर भिस्त ठेवू नका, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हर हा चांदी नसलेला मिश्रधातूही चुंबकाला चिकटत नाहीत. शंका उरलीच तर सराफाकडच्या यंत्रावर टंच काढून घ्या, पण मुलाम्यामुळे यंत्र सोने दाखवू शकते हे आधी सांगा. कानस लावू देऊ नका.

'24 कॅरेट सोन्याचा मुलामा' या शब्दांनी पुष्कळ लोक भुलतात, म्हणून एक हिशेब मांडतो. अडीच बाय तीन सेंटिमीटरच्या आणि दीड मिलिमीटर जाडीच्या नगाचा पृष्ठभाग कडांसकट सुमारे 17 चौरस सेंटिमीटर भरतो. मुलामा अर्धा मायक्रॉन जाड धरला, तर त्यावरचे सोने होते सुमारे 16 मिलिग्रॅम. पूर्ण 25 नगांचे मिळून अर्धा ग्रॅमही नाही, आणि ते उतरवून घेण्याचा खर्च त्याहून जास्त. याच मापाचा नग साधारण 12 ग्रॅम भरतो, म्हणजे आपले 22 नग 264 ग्रॅम आणि त्यांत शुद्ध चांदी 244 ग्रॅम. हिशेब सोपा व्हावा म्हणून किलोला एक लाख रुपये भाव धरला, तर 24,400 रुपये. आपल्या नगांचे खरे वजन आणि त्या दिवसाचा भाव घालून हा आकडा स्वतः काढा आणि मगच सराफाशी बोला.

असे संच पहिल्या विक्रीच्या वेळी धातूच्या किमतीच्या कितीतरी पट दराने विकले गेले आणि 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांवर विसंबून अनेकांनी ते गुंतवणूक म्हणून घेतले. आवृत्ती मर्यादित असली तरी घेणारेही मर्यादितच असतात. आपल्याकडे भारतीय टपाल खात्याच्या नावानेही 'प्राइड ऑफ इंडिया' हा 25 तिकिटांच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या प्रतिकृतींचा संच आला होता. त्याविषयी विचारणाऱ्यांनाही मी हेच सांगतो की, आवडला तर घ्यावा, पण पुनर्विक्रीच्या नफ्याची अपेक्षा धरून घेऊ नये. अमेरिकेत पहिल्या दिवसाच्या (तिकीट निघाले त्या दिवसाचा शिक्का असलेल्या) पाकिटावर सोनेरी वर्खाची प्रतिकृती चिकटवून विकण्याची मोठी प्रथा होती. त्यांतील सोने तर नावापुरतेच असते. याउलट पॅसिफिक महासागरातील टोंगा या बेटांच्या देशाने 1963 मध्ये काढलेली सोनेरी वर्खाची गोल तिकिटे आणि भूतानची 1969 ची पोलादी पत्र्यावरची तिकिटे ही टपालासाठी वैध, खरीखुरी तिकिटे होती. यादी करताना त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

जपणुकीबाबत मी हात जोडून विनंती करतो: या नगांना पॉलिश, खाण्याचा सोडा, चिंच किंवा दागिने बुडवायचे रसायन लावू नका. मी सुरुवातीला घेतलेल्या एका नगावरचे काळे डाग पेस्टने पुसले आणि राणीच्या गालावरचा मुलामा कायमचा गेला. सर्वांत उंच भाग सर्वांत आधी घासला जातो आणि चेहऱ्याचा जीव नेमका तिथेच असतो. मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेतील गंधकयुक्त वायू खालच्या चांदीपर्यंत पोहोचतात, ते काळे डाग त्याचे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हे लवकर होते. जुन्या पेटीतला फोम हाताला चिकट लागत असेल, तर नग लगेच बाहेर काढा. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र आणि पीव्हीसीचे मऊ पाकीट यांच्यापासून ते दूर ठेवा. पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घालून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवणे पुरेसे आहे. नग नेहमी कडेला धरावा. पेटी आणि पुस्तिका मात्र फेकू नका. संच कोणता हे त्यांच्यावरूनच सिद्ध होते.

माझा सल्ला विचाराल तर ठेवा, आणि प्रत्येक प्रतिकृतीशेजारी जमेल तिथे मूळ तिकीट ठेवायला लागा. सिंद डाकसारखी तिकिटे महाग आहेत आणि त्यांची बनावट नक्कलही भरपूर फिरते, त्यांच्या वाटेला आत्ताच जाऊ नका. पण वापरलेली मॅचिन तिकिटे अगदी किरकोळ किमतीत मिळतात, आणि गांधीजींचे दीड आण्याचे वापरलेले तिकीटही परवडण्यासारखे असते. कागद आणि धातू शेजारी ठेवून भिंगातून पाहिले की कोरणाऱ्याने काय पकडले आणि काय सोडले ते आपल्यालाच दिसू लागेल. विकायचेच झाले तर 22 नग सुटे करू नका. पेटीसह एकत्र द्या आणि मोडीच्या भावाखाली उतरू नका.

राहिलेल्या 3 नगांसाठी घाई नको. सुटे नग लिलावांत अधूनमधून येतात, कारण कितीतरी संच चांदीचा भाव चढला की फुटतात. घेण्यापूर्वी मागील बाजूचे स्पष्ट छायाचित्र मागवा आणि उत्पादकाची आद्याक्षरे, वर्षाचे अक्षर, वजन व जाडी ही आपल्या नगांशी जुळतात का ते पाहा. त्याच तिकिटाची प्रतिकृती वेगवेगळ्या उत्पादकांनी वेगवेगळ्या मापांत काढलेली असू शकते, आणि असा परका नग पेटीच्या खणात बसतही नाही. कोणते 3 खण रिकामे आहेत ते पुस्तिकेतील क्रमांकांवरून कळवलेत, आणि एका नगाचे वजन व मागील बाजूचे छायाचित्र दिलेत, तर माझ्याकडच्या जादा नगांशी मी ते ताडून पाहीन.