तुमचं-आमचं बोलणं : शनवारी रात्री पोरगं पुजारी होतंय

या खेपेला पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून बरंच काय काय आलं, निम्मं गेमबद्दल आणि निम्मं धर्माबद्दल, आणि दोन्ही ढीग वाचता वाचता एकमेकांत मिसळले, म्हणून एकत्रच घेतो. नावं नेहमीसारखी छापत नाही.

प्रश्न : सर, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर शनवारी रात्री वरच्या खोलीत चार-पाच मित्र जमतात, फासे टाकतात आणि एक वाजेपर्यंत बोलत बसतात. परवा चहा घेऊन गेले तर हा आवाज बदलून बोलत होता, मी कुठल्यातरी देवाचा पुजारी आहे म्हणे, आणि दुसरा म्हणाला आज आपण अकरा जण मारले. सासूबाईंनी तर त्याला अंगारा लावला. त्यांच्यात कॅम्पातला एक मुसलमान मुलगा पण आहे, चांगला आहे, खरं नणंद म्हणते हल्ली असल्या खेळातनंच पोरांची डोकी फिरवतात. काय समजायचं? (एक आई, वडगाव)

उत्तर : ताई, अंगारा लावला ते लावला, त्यानं काय बिघडत नाही. खरं पोराला काही झालेलं नाही. ह्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात, पोरं आरपीजी म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ काढला तिथनं हे सगळं सुरू झालं. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात, तो गोष्ट सांगतो की बाबा पुढं दार आहे, आतनं कोणतरी घोरायलंय, आता काय करणार? बाकीचे आपापलं सोंग घेऊन सांगतात मी हे करतो मी ते करतो, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. शेवटी कोण जिंकलं असं काय नसतं, एकेक गोष्ट वर्ष-वर्ष चालते. तुम्ही ऐकलेले ते अकरा जण म्हणजे वहीतले आकडे खोडलेत पोरांनी, बस्स.

आता एवढं काय असतंय त्यात, तर सांगतो. मी भाच्याच्या टेबलावर दोनदा बसलोय. पहिला अर्धा तास नुसता लाजण्यात गेला. मला चोराचं सोंग दिलं होतं, जन्मभर बँकेच्या काऊंटरवर दुसऱ्याचे पैसे मोजलेला माणूस मी, आणि कुलूप उघडायला बसलो, फाशावर एक पडला, तार कुलपातच मोडली, सगळे फिदीफिदी हसले, आणि मग त्या मोडक्या तारेवरनं पुढचा तासभर गोष्ट अशी काय फिरली की सूत्रधारालाच पुढचं सुचेना. सिनेमात तार मोडली तर ती लेखकानं आधीच मोडलेली असते. इथं कुणालाच माहीत नसतं. आणि तुमचा मुलगा सोमवार ते शनवार काय करतो बघा, इंटर्नल, बॅकलॉग, प्लेसमेंट, एक पेपर गेला की वर्ष गेलं. टेबलावर फासा चुकला की गोष्ट थांबत नाही, नुसती वळते, आणि पाच जण तुमचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतात. वर्गात तोंड न उघडणारी पोरं इथं राजाशी भांडताना मी बघितलीत.

आणि सोंग काय आपल्याला नवीन आहे होय? आपल्या गोकाककडचं कुलगोड म्हणजे श्रीकृष्ण पारिजात ह्या लोकनाट्याचं गाव. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. मी स्वतः शाळेच्या गॅदरिंगला अफझलखान झालतो कारण मी जाडा, आणि शिवाजी झालता आमच्या गल्लीतल्या बागवानांचा पोरगा कारण त्याचं नाक सरळ. त्यानं वाघनखं जरा जोरात मारली, माझा शर्ट फाटला, घरी मार बसला तो शर्टासाठी. खान झालास म्हणून कोणी काय बोललं नाही, उलट आजीनं दृष्ट काढली.

नणंदबाईंची भीती पण जुनीच आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनला कॉलेजातला एक पोरगा गायब झाला आणि हा खेळ खेळताना बोगद्यात हरवला असं पेपरांनी छापलं, नंतर कळलं पोरगं मनानं खचलं होतं, खेळाचा काही संबंध नव्हता. खरं तोवर बातमी गावभर झाली होती. पुढची दहा वर्षं तिकडं चर्चवाले आणि पालक म्हणत होते की ह्यातनं पोरं सैतानाची पूजा शिकतात, शेवटी कंपनीनं वैतागून १९८९ च्या आवृत्तीतनं सैतान-भुतं काढलीच, आणि मागनं नावं बदलून परत आणली. बघा, तिकडं सैतान, इकडं तुमच्या नणंदबाईंना कॅम्पातला मुलगा. प्रत्येक गावाची भीती आपल्या गावची असते.

एक मात्र खरं, डोकी फिरवणारे गेममध्ये घुसत नाहीत असं नाही. सिंगापूरच्या अंतर्गत सुरक्षा खात्यानं २०२३ मध्ये सोळा वर्षांच्या एका पोराची गोष्ट जाहीर केली, तो रोब्लॉक्स नावाच्या ऑनलाइन गेमवर आयसिस ह्या अतिरेकी संघटनेच्या नावानं उघडलेल्या सर्व्हरवर जाऊन त्यांचा शिपाई बनून खेळत होता. आणि २०१९ ला न्यूझीलंडमध्ये मशिदीत गोळीबार झाला तो गोऱ्या माणसानं मुसलमानांवर केलता, त्याचीही पोरांनी गेममध्ये नक्कल करून झाली, म्हणजे हे दोन्हीकडचं दुखणं आहे. फरक कुठं बघायचा ते सांगतो. तुमच्या वरच्या खोलीतलं दार उघडं आहे, तुम्ही चहा घेऊन जाता, पोरं गप्प बसत नाहीत, एक वाजता सोंग उतरवून घरी जातात. दार लावून, कधी न भेटलेल्या माणसाशी चॅट, आणि सोमवारी सकाळी पण तोच आवाज तीच भाषा, असं दिसलं तर मला नाही, आधी पोराला विचारा. चहा चालू ठेवा.

प्रश्न : बीजीएमआय आरपीजी आहे का? वडील दोन्ही एकच समजतात. (निपाणी)

उत्तर : नाही. बीजीएमआय हा मोबाईलवरचा बंदुकीचा गेम, त्यात शंभर जण उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकला. २०२० च्या सप्टेंबरला पबजी बंद झाला आणि पुढच्या वर्षी बीजीएमआय आला एवढं वडिलांना माहीत असेल, पुढचं तूच सांग, आणि दहावीचा अभ्यास कर.

प्रश्न : अंकल, आम्ही सहा जण खेळतो, मी एकटाच मुस्लिम आहे. नवीन गोष्टीत सूत्रधारानं वाळवंटातले लोक घेतलेत, ते पाच वेळा प्रार्थना करतात आणि बाजारात स्फोट करतात, आणि त्यांच्या सरदाराचं सोंग मला दिलंय, तुला उर्दू येते ना, आवाज भारी लागेल म्हणून. सगळे हसले, मी पण हसलो. घरी आल्यावर झोप नाही लागली. खेळ सोडू का? सोडला तर म्हणतील बघा लगेच लागलं ह्यांना. (बेळगाव)

उत्तर : बाळा, वरच्या ताईंच्या घरातलाच तू की दुसऱ्या टेबलावरचा हे मी विचारणार नाही.

लागलं तर लागलं की. मी अफझलखान झालतो ते मला चाललं, कारण नाटक संपल्यावर कोणी मला खान समजत नव्हतं, रस्त्यावर कोणी माझ्याकडं वळून बघत नव्हतं. तुझं तसं नाही. टीव्हीवर कुठं स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात तुझ्याकडं बघतात, हे तू लिहिलं नाहीस खरं मला दिसतंय. त्यांनी तुला सोंग दिलं नाही, लोकांनी तुझ्यावर आधीच चिकटवलेलं लेबल तुझ्याच आवाजात वाचायला सांगितलं. तुझ्या मित्रांना हा फरक कळला नसणार, वाईट पोरं नसतील ती, आळशी आहेत. खलनायक शोधायला कष्ट नकोत म्हणून न्यूज चॅनेलवरनं उचलला.

सोडू नकोस एवढ्यात. जे खेळतात त्यांच्यात एक पद्धत आहे, सेशन झिरो म्हणतात, गोष्ट सुरू करायच्या आधी बसून ठरवायचं काय चालेल काय नाही. बऱ्याच टेबलांवर मधे एक कार्ड ठेवतात त्यावर फुली, कोणालाही एखादा प्रसंग नको झाला तर कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, प्रसंग सोडून पुढं जायचं. हे तुमच्या सूत्रधाराला माहीत नसेल तर त्याला एकट्याला गाठून सांग, सगळ्यांसमोर नको, सगळ्यांसमोर पोरं ताठतात. आणि नुसतं नको म्हणू नकोस, बदल्यात काहीतरी दे. ह्याच डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी १९९२ मध्ये अल-कादिम नावाचं अरबी गोष्टींचं जग काढलं होतं, त्यात जिन्न, खलाशी, व्यापारी, काझी, कवी सगळे होते, आणि चांगले-वाईट सगळ्या जातीचे होते. तेवढ्या लांब पण जायला नको. विजापूर किती लांब आहे? दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः कवी, त्याच्या किताब-ए-नौरसमध्ये सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. त्याच्या दरबारात गोष्ट लाव म्हणावं, फितूर सरदार हिंदू पण घे मुसलमान पण घे, मग बघ तुझी उर्दू कशी चालते. एवढं सांगूनही तो हसला, तर मग दुसरं टेबल बघ. भाच्याला विचारतो मी, त्यांचा एक गडी पुण्याला गेलाय नोकरीला.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तेच, एक म्हणतो इस्लाममध्येच अतिरेक आहे, दुसरा म्हणतो अतिरेक्यांचा इस्लामशी काडीचा संबंध नाही. दोघे जण ग्रुप सोडून गेले. आपण एकदा काय ते एका वाक्यात सांगून टाका. (चिकोडी)

उत्तर : गुरुजी, एका वाक्यात सांगितलं की तिसरा जण ग्रुप सोडेल.

दोन्ही वाक्यं सोपी आहेत म्हणून चालतात. काडीचा संबंध नाही म्हणावं तर आयसिसवाले कुराणातल्या आयतींचे आणि हदिसांचे (पैगंबरांच्या वचनांचे) दाखले देऊनच बोलत होते. इस्लामच तसा म्हणावं तर २०१४ ला आयसिसचा म्होरक्या बगदादीला जाहीर पत्र लिहून तू धर्माचा चुकीचा अर्थ लावतोस असं मुद्द्या-मुद्द्यानं सांगणारे शंभराहून जास्त मुस्लिम विद्वानच होते, आणि आपल्याकडं २००८ च्या फेब्रुवारीत देवबंदच्या दारुल उलूम मदरशानं दहशतवाद इस्लामविरोधी म्हणून जाहीर केलं. आणि हे भांडण आजकालचं नाही. सातव्या शतकात खारिजी नावाचा गट निघाला, त्यांचं म्हणणं आमच्यासारखा जो मानत नाही तो मुसलमानच नाही, आणि त्यांच्यातल्याच एकानं ६६१ मध्ये खलिफा अलींना मारलं, पैगंबरांच्या जावयाला. म्हणजे कोण खरा मुसलमान हे ठरवायचा हट्ट पहिल्यांदा मुसलमानांच्याच जिवावर आला, आणि आजही आयसिसच्या बळींत मुसलमानच किती तरी आहेत.

फ्रान्समध्ये दोन अभ्यासकांचं ह्यावर जोरात वाजलं. ज्यील केपेल म्हणतो धर्माच्या कडव्या शिकवणीचा प्रसार नीट बघा, तिथं मूळ आहे. ऑलिव्हिये रॉय म्हणतो ही पोरं आधीच बंडखोर, कुठंच न बसणारी, त्यांना धर्माचं कपाट सापडलं आणि त्यातला अंगरखा त्यांनी घातला (कपाट-अंगरखा माझं, म्हणणं त्याचं). मला विचाराल तर रॉयचं पोरांना लागू पडतं आणि केपेलचं त्यांना अंगरखा शिवून देणाऱ्यांना. दोघांनी एकमेकांना इतकं टाकून बोलायची गरज नव्हती, खरं प्रोफेसर लोकांचं पण व्हॉट्सॲपसारखंच असतंय.

आणि आपल्या भाषेतला माणूस आपण विसरतो. हमीद दलवाई, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९६६ च्या १८ एप्रिलला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत काढला, तोंडी तलाक बंद करा म्हणून, आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांनी आपल्या समाजाला सोडलं नाही आणि हिंदू जातीयवाद्यांनाही सोडलं नाही, म्हणून दोन्हीकडचे त्यांचं अर्धंच वाक्य वापरतात. तुमच्या ग्रुपवर पण कोणीतरी अर्धंच फॉरवर्ड करत असणार, बघा.

एक करून बघा गुरुजी, वरच्या पोरांच्या खेळावरनंच सुचलं. एकनाथांनी सोळाव्या शतकात हिंदू-तुर्क संवाद लिहिलाय. एक ब्राह्मण आणि एक तुर्क, दोघं एकमेकांच्या धर्माची पार सालं काढतात, काही राखून ठेवत नाहीत. आता लिहिणारे नाथ पैठणचे ब्राह्मण, तरी तुर्काच्या तोंडी त्यांनी त्याची हिंदुस्थानी मिसळलेली भाषा आणि चांगले धारदार प्रश्न दिले, मुद्दाम बोथट केले नाहीत. शेवटी दोघं एकमेकांना भेटतात. तुमच्या ग्रुपवर एक दिवस ठरवा, जो इस्लामच्या विरोधात लिहितो त्यानं बाजूनं लिहायचं आणि जो बाजूनं लिहितो त्यानं विरोधात, समोरच्याला आपलंच म्हणणं वाटलं पाहिजे इतकं नीट. एका संध्याकाळी तरी फॉरवर्ड बंद होतील, कारण स्वतःलाच टाईप करायला लागेल.

प्रश्न : असॅसिन्स क्रीड हा गेम खेळतो. मित्र म्हणतो हे असॅसिन म्हणजे खरे मुसलमान अतिरेकी, गांजा ओढून खून करायचे. खरं का? (खानापूर)

उत्तर : अर्धं. असॅसिन म्हणजे निजारी इस्माइली नावाचा शिया पंथ, त्यांचा पुढारी हसन-ए-सब्बाह, त्यानं १०९० मध्ये इराणच्या डोंगरातला आलमूत किल्ला घेतला. भोवती सेल्जुक तुर्कांचं मोठं राज्य आणि ह्यांच्याकडं फौज थोडी, म्हणून वजीर-सरदार गाठून मारायचं तंत्र त्यांनी वापरलं, ते खरं. हशीश (गांजाच्याच जातीची नशा) आणि स्वर्गाची बाग वगैरे गोष्टी त्यांच्या शत्रूंनी आणि मार्को पोलोसारख्या प्रवाशांनी रंगवल्या. १२५६ ला मंगोल हुलागूनं आलमूत पाडलं. २००७ चा पहिला गेम ह्यावर बेतलेला, खरं तो अॅक्शन गेम, आरपीजीसारख्या निवडी-बिवडी २०१८ पासनं आल्या. त्याच्या सुरुवातीलाच पाटी येते की वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी मिळून हा बनवलाय, ती तू स्किप करत असणार.

आणि त्या निजारी लोकांचं पुढं काय झालं हे मित्राला सांग. आगाखान म्हणजे त्यांचेच इमाम. पुण्याला गेलात की येरवड्याच्या बाजूला आगाखान पॅलेस आहे, १९४२ ते ४४ गांधीजींना इंग्रजांनी कैदेत ठेवलं ते तिथं, कस्तुरबांची समाधी पण तिथंच आहे. तिकीट काढून आत सोडतात.