पीएचडी करतोय, सरकारी अधिकाऱ्यांना कळतील असे ग्राफ बनवायला कसं शिकू?
कोर्सबिर्स नंतर, आधी स्वतःच्याच पेपरमधला एक ग्राफ घे आणि टायटल बदल. 'जिल्हानिहाय वार्षिक पर्जन्यमान' लिहिलं की साहेब पान उलटतात, 'पाऊस तेवढाच, पण पावसाचे दिवस घटले' लिहिलं (डेटात तसं असेल तरच हां!) की थांबतात. इंद्रधनुषी रंग काढूनच टाक, ग्राफ काढायच्या मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीनेही २०१७ मध्ये जेट ही इंद्रधनुषी रंगपट्टी सोडून विरिडिस (जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एकसारखी उजळत जाणारी) डिफॉल्ट केली, कारण जेटमध्ये डेटात नसलेल्या कडा दिसतात आणि फाइलीत झेरॉक्स लागली की गडद लाल काय नि गडद निळा काय, दोन्ही सारखेच करडे. एरर बार (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते दाखवणारी रेघ) मात्र ठेवायचा, तो काढला तर पुढच्या मीटिंगला तुलाच धरतील. मग लॅबबाहेरच्या कुणालातरी दहा सेकंद दाखव आणि काय कळलं ते विचार, मधे बोलू नकोस.